ट्रेलरमध्ये राहायचंय? आधी भांड्यांचं खोकं भरा

गाडीमागे जोडून ओढायच्या छोट्या ट्रेलरमध्ये कायमचं राहायचं म्हटलं की लोक आधी कपडे कमी करतात, पण खरी जागा खातात ती भांडी, आमच्या जळगावकडे तर एकेका घरात तीन तवे निघतील. मी सगळी भांडी एका खोक्यात भरली आणि लागेल तेवढंच बाहेर काढलं, महिन्याने बघतो तर बाहेर फक्त ३ लिटरचा कुकर, तवा, कढई, परात नि दोन ताटं. बाकीचं खोकं न उघडता गावी. भरीत ठेचायची लाकडी बडगी सोडताना मात्र जीव तुटला, आता वांगं पळीनेच ठेचतो, चव तशी येत नाही हे खरं.

जे उरेल ते जड सामान खाली, चाकांच्या जवळ ठेवा, मागच्या टोकाला वजन टाकलं की हायवेवर ट्रेलर डुलायला लागतो. पाणी १ लिटर म्हणजे १ किलो, त्यामुळे १०० लिटरची टाकी शक्यतो मुक्कामी पोचल्यावरच भरा.

आणि मे महिन्यात, पारा ४५ ला टेकतो तेव्हा, खिडक्यांसमोर काहीही रचू नका, हवा आरपार गेली पाहिजे, गाडी कडुलिंबाच्या सावलीत लावा.