निळा लेझर एकच, भिंगे दोन : ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांतील फरक कसा समजून घ्यावा व जुन्या तबकड्या कशा वाचाव्यात

ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी ही उच्च स्पष्टतेचे चित्रपट साठवणाऱ्या तबकड्यांची दोन स्वरूपे. त्यांपैकी ब्लू-रेमध्ये निळा लेझर असतो आणि एचडी डीव्हीडी ही लाल लेझरच्या जुन्या डीव्हीडीचीच सुधारलेली आवृत्ती होती, असे अनेकजण आजही खात्रीने सांगतात. हा समज केवळ नावांमुळे रुजला आहे. प्रत्यक्षात २००६ ते २००८ या काळात बाजारात एकमेकांसमोर उभ्या राहिलेल्या या दोन्ही स्वरूपांचा लेझर एकाच जातीचा होता : ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, निळसर जांभळा. गॅलियम नायट्राइडवर आधारलेल्या या लेझर डायोडचा पाया जपानमधील निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकात घातला. फरक होता तो लेझरसमोर बसवलेल्या भिंगात, आणि त्या भिंगाला प्लास्टिकच्या किती जाडीतून पाहावे लागते यात. या दोन गोष्टी नीट समजल्या की तबकडी कशी ओळखावी, कशी पुसावी, कोणत्या ड्राइव्हमध्ये घालावी आणि पॉलिश करून देण्याचा सल्ला केव्हा नाकारावा, हे ठरवणे सोपे जाते. म्हणून सुरुवात थोड्या गणिताने करू.

प्रकाशबिंदूचा आकार कसा काढावा

कोणतेही भिंग प्रकाशाला गणिती बिंदूवर आणू शकत नाही, कारण विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाशलहरी कडेशी पसरतात त्यामुळे, प्रकाशाची एक लहानशी गोल टिकली तयार होते. तिचा व्यास काढण्यासाठी तरंगलांबीला १.२२ ने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला भिंगाच्या न्यूमरिकल अ‍ॅपर्चरने भागावे. न्यूमरिकल अ‍ॅपर्चर म्हणजे भिंग किती रुंद कोनातून प्रकाश एकवटते याचे माप होय. डीव्हीडीसाठी तरंगलांबी ६५० नॅनोमीटर आणि अ‍ॅपर्चर ०.६० घेतल्यास व्यास सुमारे १.३२ मायक्रोमीटर येतो. एचडी डीव्हीडीसाठी ४०५ आणि ०.६५ घेतल्यास ०.७६ मायक्रोमीटर, तर ब्लू-रेसाठी ४०५ आणि ०.८५ घेतल्यास ०.५८ मायक्रोमीटर येतो.

आता हे आकडे तबकडीवरील मार्गिकांच्या, म्हणजे माहिती ज्या सर्पिल रेषेत कोरलेली असते तिच्या शेजारशेजारच्या फेऱ्यांच्या, अंतराशी ताडून पाहावेत. डीव्हीडीवर दोन शेजारच्या मार्गिकांमध्ये ०.७४ मायक्रोमीटर अंतर असते, एचडी डीव्हीडीवर ०.४० आणि ब्लू-रेवर ०.३२. म्हणजे साध्या डीव्हीडी प्लेअरची लाल टिकली एचडी डीव्हीडीवर पडली, तर ती एकाच वेळी तीनहून अधिक मार्गिका व्यापते आणि तिला कोणतीच धड वाचता येत नाही. क्षमतेचाही पडताळा याच हिशेबाने मिळतो. एका थराच्या एचडी डीव्हीडीवर १५ गिगाबाइट मावतात आणि ब्लू-रेवर २५. हे गुणोत्तर १.६७ होते. दोन टिकल्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर १.७१ येते. सांकेतिकरणाच्या पद्धती दोन्हीकडे वेगळ्या असूनही हे आकडे इतके जवळ यावेत, यावरून भिंगाचे महत्त्व किती आहे ते कळते. मला या संपूर्ण विषयात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

०.६५ वर थांबण्यामागचे कारण

मग तोशिबा आणि एनईसी यांनी एचडी डीव्हीडीसाठी ०.६५ वरच समाधान का मानले, हा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर तबकडीच्या जाडीत आहे. सीडी, डीव्हीडी, एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या सर्वांची एकूण जाडी १.२ मिलिमीटरच असते. पण माहितीचा थर त्या जाडीत कुठे बसवला आहे, हे प्रत्येकात सारखे नसते. सीडीमध्ये लेझरला जवळजवळ संपूर्ण १.२ मिलिमीटर ओलांडून जावे लागते. डीव्हीडी आणि एचडी डीव्हीडी या ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून तयार होतात, त्यामुळे थर मधोमध असतो. ब्लू-रेमध्ये १.१ मिलिमीटरच्या आधारावर माहितीचा थर आणि त्यावर केवळ ०.१ मिलिमीटरचे पारदर्शक आवरण असते.

तबकडी फिरताना किंचितही कलली, तर प्रकाशाची टिकली गोल न राहता धूमकेतूसारखी शेपूट फुटून पसरते. हा दोष आवरणाच्या जाडीच्या प्रमाणात आणि अ‍ॅपर्चरच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, तर तरंगलांबी लहान झाली की तोही त्याच प्रमाणात वाढतो. डीव्हीडीचा दोष १ मानल्यास एचडी डीव्हीडीचा सुमारे २ येतो. ०.८५ चे भिंग घेऊन आवरण ०.६ मिलिमीटरच ठेवले असते, तर हाच आकडा साडेचारच्या वर गेला असता आणि साध्या उष्णतेने थोडी वाकलेली तबकडीही वाचता आली नसती. ब्लू-रेच्या अभियंत्यांनी आवरण सहापटीने पातळ केल्यामुळे हा दोष डीव्हीडीच्या जेमतेम पाऊणपट उरला. म्हणजे कलण्याच्या बाबतीत ब्लू-रे ही डीव्हीडीपेक्षाही सोशिक आहे.

एचडी डीव्हीडीने ०.६ मिलिमीटरची रचना कायम ठेवली, कारण त्यामुळे डीव्हीडी छापणाऱ्या कारखान्यांची यंत्रे थोड्या फेरफारांनी वापरता येणार होती. हा निर्णय कमकुवत होता असे मी मानत नाही. तो खर्चाचा विचार करून घेतलेला प्रामाणिक निर्णय होता, आणि त्यातूनच एका बाजूला डीव्हीडी व दुसऱ्या बाजूला एचडी डीव्हीडी अशी दुहेरी तबकडीही सहज शक्य झाली.

ब्लू-रेला मोजावी लागलेली किंमत

पातळ आवरण फुकट मिळत नाही. आवरणाच्या जाडीत झालेल्या चुकीमुळे जे गोलीय विपथन (भिंगाच्या कडेचे व मधले किरण एकाच जागी न मिळण्याचा दोष) निर्माण होते, ते अ‍ॅपर्चरच्या चौथ्या घाताने आणि तरंगलांबी लहान होईल त्या प्रमाणात वाढते; डीव्हीडीच्या तुलनेत एचडी डीव्हीडीमध्ये ते सव्वादोनपट आणि ब्लू-रेमध्ये साडेसहापट होते. म्हणून ब्लू-रेचे आवरण काही मोजक्या मायक्रोमीटरच्या मर्यादेत एकसारखे असावे लागते आणि प्लेअरमध्ये हा दोष भरून काढणारी वेगळी यंत्रणा बसवावी लागते.

दुसरी अडचण धुळीची. आवरणात शिरताना किरणांचा झोत रुंद असतो आणि आत जाताना तो निमुळता होतो. प्लास्टिकचा अपवर्तनांक सुमारे १.५५ धरला, तर पृष्ठभागावर या झोताचा व्यास एचडी डीव्हीडीवर ०.५५ मिलिमीटर आणि ब्लू-रेवर केवळ ०.१३ मिलिमीटर येतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने हा फरक सुमारे अठरापट आहे. जो धुळीचा कण एचडी डीव्हीडीच्या झोताचा लहानसा कोपरा अडवेल, तोच ब्लू-रेच्या झोताचा मोठा भाग झाकू शकतो. त्यामुळेच २००३ मध्ये जपानमध्ये आलेल्या पहिल्या ब्लू-रे रेकॉर्डरच्या तबकड्या प्लास्टिकच्या डबीत बंद असत. पुढे टीडीके कंपनीने ओरखडे रोखणारा कठीण लेप विकसित केला आणि ती डबी काढून टाकता आली.

तबकडी घरच्या घरी कशी ओळखावी

आवरण किती जाड आहे हे डोळ्यांनी पाहता येते, आणि त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. जाड कागदाचा एक टोकदार कोपरा घ्यावा, तबकडीची वाचनाची बाजू वर करून ती चांगल्या उजेडात धरावी आणि कोपरा पृष्ठभागाला अलगद टेकवून तिरक्या नजरेने पाहावे. कोपरा आणि त्याचे प्रतिबिंब यांमध्ये जी फट दिसते, ती आवरणाच्या जाडीवर अवलंबून असते. सीडीवर ती साधारण दीड मिलिमीटर भासते, डीव्हीडी व एचडी डीव्हीडीवर पाऊण मिलिमीटर, आणि ब्लू-रेवर कोपरा व प्रतिबिंब जवळजवळ एकमेकांना टेकलेले दिसतात. या चाचणीसाठी सुई, टाचणी किंवा पेनचे टोक कधीही वापरू नये.

डीव्हीडी आणि एचडी डीव्हीडी यांना मात्र ही चाचणी वेगळे करू शकत नाही, कारण दोन्हींचा थर एकाच खोलीवर असतो. तेथे तबकडीवरील बोधचिन्ह पाहावे. मूळ वेष्टन उपलब्ध असल्यास एचडी डीव्हीडीचे लालसर आणि ब्लू-रेचे निळे असते. दोन्ही बाजू चकाकणारी आणि वर चित्र नसलेली तबकडी हाती आली, तर मधल्या छिद्राभोवतीच्या वर्तुळातील बारीक अक्षरे भिंगाखाली वाचावीत, कारण दुहेरी तबकडीची कोणती बाजू कोणती, हे तेथेच लिहिलेले असते.

स्वच्छ कशी करावी

मऊ, धागे न सोडणारे कापड घ्यावे आणि मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल फिरवत पुसल्यास पडणारा ओरखडा मार्गिकेला समांतर जातो आणि सलग माहिती बिघडवतो; त्रुटी दुरुस्त करणारी प्रणाली तुटक नुकसान भरून काढू शकते, पण लांबलचक सलग नुकसान तिच्या आवाक्याबाहेर जाते. बोटांचे ठसे निघत नसतील तर कापड साध्या स्वच्छ पाण्याने किंचित ओले करावे.

ओरखडे घासून काढणाऱ्या यंत्राचा वापर ब्लू-रेवर करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. ते यंत्र आधी कठीण लेप काढते आणि नंतर ०.१ मिलिमीटरचे आवरण असमान करते, आणि वर पाहिल्याप्रमाणे ब्लू-रेला सर्वांत जास्त बाधते ती जाडीतील असमानताच. सीडीवर ज्याने गुण आला, तो उपाय येथे तबकडी कायमची निकामी करू शकतो.

योग्य ड्राइव्ह कसा निवडावा

ब्लू-रे प्लेअर सीडी आणि डीव्हीडीही वाचतो, कारण त्यात ७८०, ६५० आणि ४०५ नॅनोमीटरचे लेझर असतात. तरीही तो एचडी डीव्हीडी वाचत नाही. निळा प्रकाश त्याच्याजवळ आहे आणि ०.६ मिलिमीटर खोलीवर प्रकाश एकवटण्याची सोयही आहे, परंतु ती सोय लाल लेझरसाठी केलेली असते. निळ्या लेझरची जुळणी ०.१ मिलिमीटरसाठी झालेली असते. दोन्ही गोष्टी घरात असून एकत्र येत नाहीत, अशी ही स्थिती आहे.

म्हणून एचडी डीव्हीडी वाचायची असल्यास मोजकेच पर्याय उरतात. तोशिबाचे जुने प्लेअर आणि मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साठी काढलेला बाह्य ड्राइव्ह हे दोन ठळक पर्याय होत. हा बाह्य ड्राइव्ह यूएसबीने संगणकालाही जोडता येतो. एलजीचे जीजीसी-एच२०एल आणि जीजीडब्ल्यू-एच२०एल हे संगणकात बसणारे ड्राइव्ह दोन्ही स्वरूपे वाचतात, आणि मिळाल्यास माझी पहिली पसंती त्यांनाच राहील. तबकडीवरील फाइल-रचना यूडीएफ २.५ असल्याने विंडोज व्हिस्टा किंवा त्यानंतरची प्रणाली असावी. खरेदी जुन्या बाजारातूनच करावी लागेल, कारण तोशिबाने १९ फेब्रुवारी २००८ रोजी एचडी डीव्हीडी थांबवण्याची घोषणा केली. योगायोग असा की ब्लू-रेची पहिली घोषणा बरोबर सहा वर्षांपूर्वी, १९ फेब्रुवारी २००२ रोजी झाली होती.

अमेरिकेतील नातलगांकडून तबकड्या येत असतील तर विभाग-संकेत, म्हणजे तबकडी कोणत्या भूभागातील प्लेअरवर चालेल हे ठरवणारी खूण, तपासावा. एचडी डीव्हीडीवर तो नव्हताच. ब्लू-रेसाठी अमेरिका 'ए' विभागात आणि भारत 'सी' विभागात येतो, त्यामुळे काही तबकड्या येथील प्लेअर नाकारतो.

तबकडी मध्येच अडखळली तर

दोन थरांच्या ब्लू-रेमध्ये पहिला थर पृष्ठभागापासून १०० मायक्रोमीटरवर आणि दुसरा ७५ मायक्रोमीटरवर असतो. पहिला थर आतून बाहेर वाचला जातो, कडेला पोहोचल्यावर भिंगाची जुळणी बदलते आणि दुसरा थर बाहेरून आत वाचला जातो. पृष्ठभाग स्वच्छ असूनही चित्रपट दर वेळी नेमका मध्यावर थांबत असेल, तर तबकडी टाकून देण्याची घाई करू नये. आधी तिची कड पुसावी, प्लेअर काही मिनिटे चालवून थोडा गरम होऊ द्यावा आणि मग तीच तबकडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालावी. तेथे ती सुरळीत चालली, तर दोष पहिल्या प्लेअरच्या भिंगाचा किंवा त्याच्या जुळणी-यंत्रणेचा आहे असे समजावे, आणि दुरुस्तीला प्लेअर न्यावा.