सेकंडहँड सुपर्ब की कॅमरी? बघायला जायच्या आधीची तयारी

टोयोटाची नवी कॅमरी डिसेंबर २०२४ ला आली ती ४८ लाख एक्स-शोरूमला, आणि स्कोडाची सुपर्ब त्याच वर्षी एप्रिलमध्ये परत आली ती अख्खी परदेशातून बनून, ५४ लाखाला आणि फक्त १०० गाड्या. त्यामुळे आपल्यासारख्यांसाठी या दोन मोठ्या सेडानची तुलना सेकंडहँड मार्केटातच रंगते, जिथे एखाद्या नव्या एसयूव्हीच्या टॉप मॉडेलच्या पैशात चार-पाच वर्षांची सुपर्ब किंवा कॅमरी मिळून जाते. फक्त सेकंडहँडमध्ये "सुपर्ब भारी की कॅमरी भारी" या वादाला फार अर्थ उरत नाही, कारण तुम्ही मॉडेल नाही घेत, समोर उभी असलेली ती एक गाडी घेताय, आणि ती कुणी कशी वापरली यावर सगळं. म्हणून जायच्या आधी काय काय करून ठेवायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी घरात बसून एकच ठरवा, गाडी कोण चालवणार आणि मागे कोण बसणार. स्वतः चालवणार असाल, दर वीकेंडला एक्स्प्रेसवे होणार असेल तर सुपर्ब तुम्हाला हसवेल. ड्रायव्हर ठेवणार, किंवा आई-बाबा मागे बसणार आणि निम्मं आयुष्य हिंजवडीच्या नाहीतर अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये जाणार, तर कॅमरी. त्यातही आई-बाबांना एकदा प्रत्यक्ष बसवूनच बघा, दोन्ही गाड्या खाली आहेत, गुडघे दुखणाऱ्या माणसाला एसयूव्हीतून उतरणं सोपं आणि यातून उठणं अवघड जातं, हे शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर कुणाच्या लक्षात येत नाही.

मग टेप घेऊन पार्किंगमध्ये जा. सुपर्ब साधारण ४,८६९ मिलिमीटर लांब, कॅमरी ४,८८५, म्हणजे दोन्ही पाच मीटरला टेकल्यात. स्टॅक पार्किंग, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायची सोय, असेल तर लांबी-वजनाची लिमिट सोसायटीच्या ऑफिसात विचारून ठेवा, आणि रॅम्पचं टोक बघा, कारण पोट घासायचं ते तिथेच आणि चार माणसं बसल्यावरच.

आता कुठलं वर्ष, कुठलं इंजिन, हे गाडी शोधायच्या आधीच पक्कं करा, नाहीतर विकणारा सांगेल ते खरं वाटायला लागतं. सेकंडहँडमध्ये मिळते ती सुपर्बची तिसरी पिढी इकडे २०१६ ला आली, १.८ टीएसआय पेट्रोल आणि २.० टीडीआय डिझेल, आणि २०२० च्या मे मध्ये फेसलिफ्ट आली ती फक्त पेट्रोल, २.० टीएसआय, १९० पीएस ताकदीची. आपल्या शेंद्र्याच्या प्लांटमध्ये, म्हणजे संभाजीनगरलाच जोडायचे ही गाडी, २०२३ पर्यंत. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला सगळे सरसकट डीएसजी, म्हणजे दोन क्लचवाला, म्हणतात पण त्यात फरक आहे, १.८ ऑटोमॅटिकला ड्राय क्लचवाली सात स्पीड होती, आणि तिला झेपावं म्हणून टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, २५० एनएमवर ठेवला होता, तेच इंजिन मॅन्युअलमध्ये ३२० द्यायचं. डिझेल आणि २०२० नंतरच्या पेट्रोलला वेट, म्हणजे तेलात फिरणारा, क्लच आहे. ट्रॅफिकमध्ये वापरणार असाल तर ड्राय क्लचवाली, त्यात मेकॅट्रॉनिकच्या, म्हणजे गिअरबॉक्स चालवणाऱ्या कंट्रोल युनिटच्या, कामाचं बिल नसलेली, मी तरी घेणार नाही, कितीही स्वस्त असली तरी. वेट क्लचवालीत डीएसजीचं ऑइल वेळेवर बदललंय याचं बिल मागा. "सर्व्हिस सेंटरलाच होते हो सगळी" हे बिल नव्हे.

कॅमरीत असा गोंधळ कमी. जानेवारी २०१९ ची आठवी पिढी, एकच इंजिन, २.५ पेट्रोल हायब्रिड, इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर मिळून २१८ पीएस, बंगळूरजवळ बिडदीला जोडलेली. २०२२ च्या सुरुवातीला थोडी बदलली आणि मोठी स्क्रीन आली, २०१९ वालीत अँड्रॉइड ऑटो-कारप्ले नव्हतं, तुम्हाला ते रोज लागत असेल तर वर्ष बघून घ्या. खरा प्रश्न बॅटरीचा. टोयोटाने हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर केली ती ऑगस्ट २०२१ पासूनच्या गाड्यांना, त्याआधी ती ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर होती. म्हणजे जुलै २०२१ ची आणि सप्टेंबर २०२१ ची कॅमरी, दिसायला सेम, पण सप्टेंबरवालीची बॅटरी कंपनीच्या जिवावर आणि जुलैवालीची तुमच्या खिशावर. आरसीवरची तारीख बघा, इनव्हॉइसची मागा, आणि टोयोटाच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेऊन हायब्रिड सिस्टिम चेकचा रिपोर्ट काढल्याशिवाय एक रुपया देऊ नका. बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिला हवा जायची जाळी तिथेच आहे, त्या जाळीत धूळ-केस भरलेत का बघा, त्यावरून मालक कसा होता तेही कळतं.

हीच बॅटरी सीटखाली म्हणून पाण्यात बुडालेली कॅमरी म्हणजे लांबूनच नमस्कार. कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा पूर, चिपळूणचा २०२१ चा, यातल्या गाड्या कुठे ना कुठे विकल्या जातातच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ बघा, स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, कार्पेटचा वास घ्या. नारिंगी वायरींना मात्र हात लावायचा नाही, हाय व्होल्टेज आहे ती.

बघायला जाताना सकाळी लवकर जा आणि आदल्या रात्रीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर कारण विचारा. सुपर्ब इंजिन थंड असताना स्टार्ट होताना काय आवाज करते, मग ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला झटके देते का, चढावर रिव्हर्सला थरथरते का, हे सगळं गाडी नीट गरम झाल्यावर परत एकदा. कॅमरीत बटण दाबल्यावर इंजिन लागलंच नाही तर घाबरू नका, "रेडी" दिसलं की ती निघायला तयार. जोरात दाबली की इंजिन ओरडतं आणि वेग मागून येतो, तो ई-सीव्हीटीचा, म्हणजे हायब्रिडच्या गिअरबॉक्सचा, स्वभाव आहे, बिघाड नाही, पण तुम्हाला रोज सहन होईल का ते तुम्ही ठरवा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, तीच माणसं बसवून चालवा. एक आज आणि दुसरी पंधरा दिवसांनी असं केलं की शेवटची चालवलेलीच आवडते.

मायलेजचा हिशोब कागदावर करून जा. कॅमरीचा कंपनीचा आकडा लिटरला २३.२७ किलोमीटर होता, सुपर्बचा पंधराच्या आसपास, प्रत्यक्षात दोन्ही कमीच. समजा शहरात एक १६ देते आणि दुसरी १०, वर्षाला १२,००० किलोमीटर, तर ७५० लिटर विरुद्ध १,२०० लिटर, लिटर १०५ धरलं तर वर्षाला सत्तेचाळीस हजाराचा फरक. हायवेच जास्त असेल तर हा फरक बराच कमी होतो, म्हणून दुसऱ्याचा हिशोब उचलू नका. आणि पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आत इथेनॉलचा स्टिकर काय म्हणतो, म्हणजे किती इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालतं, तोही वाचून घ्या.

टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा, ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. दोन टायर वेगळ्या ब्रँडचे असतील तर घासाघीस तिथून सुरू करा.

कागद. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, ट्रान्स्फरला फॉर्म २९ आणि ३०. या क्लासच्या गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर असतात, तेव्हा सही करणाऱ्याचं अधिकारपत्र लागतं. महाराष्ट्रात कंपनीच्या गाडीला सुरुवातीला टॅक्सही जास्त लागतो, विकणारा तो भाव तुमच्याकडून काढायला बघेल, देऊ नका. दिल्लीची डिझेल सुपर्ब फार स्वस्त दिसते कारण तिथे दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांवर बंदीच्या नियमाची टांगती तलवार, पण आरटीओची एनओसी, इथला टॅक्स, एमएचचा नंबर हे सगळं धरल्यावर ती तेवढी स्वस्त राहते का ते आधी मोजा. एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लागलीय का, ई-चलान किती पेंडिंग, एमपरिवहनवर पाच मिनिटांत दिसतं. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, त्यामुळे जुना प्रीमियम बघून खूश होऊ नका, तुमच्या नावाचा कोट आधीच काढा, इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाण्याने इंजिन गेलं तरी भरपाई देणारं कव्हर, धरून.

टोकन देताना पावतीवर लिहून घ्या की इन्स्पेक्शनमध्ये काही निघालं तर पैसे परत. डिलिव्हरीला दोन्ही चाव्या, जॅक, टो हुक मोजून घ्या, सुपर्ब असेल तर दारातली छत्री पण, ती निम्म्या गाड्यांत गायब असते. आणि जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग समोरच बंद करायला सांगा, नाहीतर तुमच्या टोलचे मेसेज त्याला जात राहतील आणि तो दर वेळी फोन करेल.