वनविभागात रुजू होताय? आधी कक्ष इतिहास वाचा

प्रादेशिक वनविभागात वनपरिक्षेत्र अधिकारी म्हणून निवड झाली की वाटतं, आता जंगल पालथं घालायचं. तेही होईलच. पण पहिल्याच आठवड्यात आपल्या विभागाची कार्य आयोजना मागून घ्या. हे जाडजूड पुस्तक साधारण दहा वर्षांसाठी मंजूर होतं आणि कुठल्या कक्षात, म्हणजे जंगलाच्या सर्वांत लहान विभागात, कुठल्या वर्षी, काय करायचं ते त्यात ठरलेलं असतं. गोदावर्मन प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर वनातली तोड मंजूर आयोजनेनुसारच करता येते. त्यामुळे 'माझ्या मते हे झाड काढायला हवं' एवढं पुरत नाही.

सोबत कक्ष इतिहासही वाचा. परिक्षेत्र, परिमंडळ, नियतक्षेत्र अशी उतरंड शेवटी कक्षापाशी येते. वणवा कधी लागला, रोपवन कुठे फसलं, मागची तोड कधी झाली, हे तिथे सापडतं. अर्थात मागच्या साहेबांनी लिहिलं असेल तर.

खरं शिक्षण मिळतं ते कुपातल्या, म्हणजे त्या वर्षी तोडीसाठी ठरलेल्या क्षेत्रातल्या, मार्किंगला. छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३७ मीटरवर, घेर मोजायचा, नोंद करायची, काढायच्या झाडाला क्रमांक आणि हातोड्याचा ठसा द्यायचा. एक ठसा बुंध्याशी, अगदी खाली असतो. झाड गेलं तरी तो थुटावर राहतो आणि तपासणीला येणारा तोच शोधतो. साग जमिनीलगत नीट तोडला तर थुटाला चांगले फुटवे येतात, म्हणून तोडीच्या दिवशी मजुरांजवळ उभं राहणं हे अधिकाऱ्याचंच काम आहे. नवख्याची नजर काढायच्या झाडावर असते. ती सोडायच्या झाडावर ठेवा: बियांसाठी राखायचं सरळ वाढलेलं झाड, मोहासारखी फळझाडं, ढोलीची जुनी झाडं, नाल्याच्या काठची सगळीच. अशी झाडं सोडली की लाकूड कमी मिळतं आणि वरून विचारणा होते. उत्तर आयोजनेतच असतं, पान दाखवायचं.

जाळरेषांची, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून साफ ठेवायच्या पट्ट्यांची, कामं फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी उरका. पुढे वणव्यांमुळे श्वास घ्यायला वेळ नसतो.

एक गोष्ट प्रशिक्षणात निसटती येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर सामूहिक हक्क मिळालेल्या गावात निर्णय ग्रामसभेचा असतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला हा हक्क २००९ मध्ये मिळाला, पण तिथल्या बांबूच्या वाहतूक पासावरून वाद २०११ पर्यंत चालला. अशा गावात आदेश घेऊन जाऊ नका, नकाशा घेऊन जा आणि ग्रामसभेत मागे बसून आधी ऐका. माझ्या अनुभवात हद्दीचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

तीनेक वर्षांत बदली होते. कार्यभार सोपवण्याआधी प्रत्येक कक्षाची नोंद तारखेसह पूर्ण करा, फसलेल्या रोपवनाचीसुद्धा, आणि किती रोपं जगली ते मोजून लिहा.