डेअरीच्या खिडकीतून गाव कसं वाचावं

दरवर्षी दिवाळीनंतर कॉलेजची पोरं-पोरी आमच्या दूध संस्थेच्या दारात उभी राहतात. हातात वही आणि प्रकल्पाचा विषय 'विज्ञान, तंत्रज्ञान, अर्थकारण आणि सामाजिक बदल'. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, तंत्रज्ञानामुळं गाव कसं बदललं?" त्यावर कुणीही म्हणतं, "लई बदललं." पोरं तेवढंच लिहून नेतात. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या भोगावती नदीकाठच्या या गावात एकतीस वर्षं संस्थेत होतो, आधी दूध तपासणारा टेस्टर, मग सचिव. नोकरी संपल्यावर गावातल्या बदलाच्या नोंदी स्वतःच लिहायला घेतल्या. त्या करताना जे हाताला लागलं ते इथं सांगतो. तुमच्या गावात, गल्लीत तुम्हालाही हे करता येईल.

पहिली गोष्ट, 'तंत्रज्ञान' हा शब्द वहीतून खोडा आणि एक वस्तू धरा. पिठाची गिरणी, कडबा कुट्टी, नदीवरची मोटर, रिक्षा, मोबाईल, काहीही चालेल, पण एकच. मी दुधातली फॅट, म्हणजे स्निग्धांश, मोजायचं यंत्र धरलं.

मग त्या वस्तूचं शास्त्र नीट समजून घ्या. पोरं हे टाळतात आणि तिथंच फसतात. फॅट मोजायच्या गर्बर पद्धतीत काचेच्या नळीत १० मिलि सल्फ्युरिक आम्ल घ्यायचं, त्यावर १०.७५ मिलि दूध आणि १ मिलि अमाईल अल्कोहोल. आम्ल दुधातली प्रथिनं विरघळवतं, त्यामुळं स्निग्धांश मोकळा होतो. अल्कोहोलमुळं तो स्वच्छ वेगळा होतो आणि नळ्या यंत्रात गरगर फिरवल्या की नळीच्या मानेत येऊन थांबतो. त्या मानेवर आकडे कोरलेले असतात. एवढंच शास्त्र आहे. त्यानं गावात काय बदललं, ते कळायला मात्र आधी शहरात जाऊन यंत्राशिवायची दूधविक्री बघावी लागते.

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी जाऊन उभे राहा. म्हैस डोळ्यांदेखत पिळतात आणि गिऱ्हाईक धारोष्ण दूध तिथंच पितं. तिथला विश्वास डोळ्यांवर आहे. पण गावात रतीब घालणाऱ्याचं दूध कोण बघतं? पूर्वी दर लिटरवर होता. पाणी घातलं की नाही, यावर भांडणं व्हायची आणि भांडणात ज्याचा आवाज मोठा त्याचं दूध चांगलं ठरायचं. मग म्हशीच्या दुधाला ६.० फॅट, ९.० एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) असा पाया ठरला आणि दर आकड्यावर आला. नळीतली रेघ मीच वाचायचो आणि ज्याला शंका असेल त्याला वाचायला द्यायचो. गवताचा भारा विकून म्हैस घेतलेल्या बाईच्या दुधाला ७.२ लागली आणि वाड्यातल्या दुधाला ६.१, असं मी माझ्या हातानं लिहिलंय. त्या दिवशी खिडकीवर सगळे गप्प होते.

इथं घाई करू नका. यंत्रानं समता आणली, असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. सगळ्या जातींचं दूध एका कॅनमध्ये पडायला लागलं हे खरं. पण त्याच गल्लीत चहाचा कप पुढं कितीतरी वर्षं वेगळा होता, हेही खरं. कॅन एक झाला म्हणून कप एक होत नाही. त्यासाठी माणसाला उठून जावं लागतं. शाहू महाराज अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायचे. २६ जुलै १९०२ ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागांचा हुकूमही त्यांनीच काढला. म्हणून वहीत तीन रकाने आखा: एक, शास्त्र आणि यंत्र; दोन, पैसा; तीन, कायदा आणि माणसांनी केलेली धडपड. प्रत्येक बदल तिन्हीत शोधा. एक रकाना रिकामा राहिला, तर तुमची चौकशी अजून अपुरी आहे.

ऊस घ्या. आपल्याकडचा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि वाहून जातो. त्यावर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा निघाला: दगडी खांब, मधे खाचा, पाऊस सरला की खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालायचे आणि पुढचा पाऊस यायच्या आत काढायचे, म्हणजे पुराचं पाणी आणि गाळ निघून जातो. पाणी अडलं, ते वर चढवायला ऑइल इंजिन आलं आणि ती इंजिनं कोल्हापूरच्याच उद्यमनगरच्या फाउंड्रीवाल्यांनी बनवली. आता दुसरा रकाना, पैसा. ऊस तोडला की त्यातली साखर मोडायला लागते. ज्वारी पोत्यात भरून भाव येईपर्यंत ठेवता येते, ऊस ठेवता येत नाही. म्हणून तोडलेल्या उसाचा शेतकरी कारखान्यापुढं हतबल असतो. मग तिसरा रकाना: सहकारी कारखाने, ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असं सांगणारा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आणि दरासाठी रस्त्यावर बसणारी माणसं. आपल्या जिल्ह्यातलं निम्मं राजकारण उसाच्या त्या रसायनातून निघालंय, असं माझं ठाम मत आहे.

हे कागदावर शोधायचं तर तलाठ्याकडं गाव नमुना १२ ची पीकपाणी बघा. एकाच गटात ज्वारी कधी संपली आणि ऊस कधी लागला, ते तिथं वर्षावार दिसतं. जनगणनेची जिल्हा पुस्तिका आणि २०१९ ची पशुगणना बघा. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८५० पासून आहे, तिथं जुन्या पुस्तकांची चौकशी करा. १८८६ चं कोल्हापूर गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातला सरकारी माहितीग्रंथ, मिळालं तर दोन दिवस त्यातच घालवा.

कागदानंतर माणसं. म्हाताऱ्यांना साल विचारू नका, साल कुणाच्या लक्षात नसतं. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा गावात मोटर होती का?" असं विचारा, म्हणजे १९६७ चा डिसेंबर आला. बहात्तरचा दुष्काळ, इंदिरा गांधी गेल्या ते चौऱ्याऐंशी, २००५ चा आणि २०१९ चा महापूर, या खुणा घट्ट असतात. दुसरं, "बदल झाला का" असं न विचारता तास विचारा. पहाटे किती वाजता उठायचा? पाण्याला किती खेपा? वैरण कोण कापायचं? कुट्टी मशीन आल्यावर तो वाचलेला तास कुणाला मिळाला? आमच्या आईला वाचलेल्या तासात तिसरी म्हैस मिळाली. यंत्रानं काम हलकं केलं आणि घरानं काम वाढवलं.

पैसा कुणाच्या हातात पडतो, हे विचारायला मी फार उशीर केला. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल व्हायचं. मी पाकिटात रोकड घालून खिडकीतून द्यायचो. दूध घालायला येईल त्याच्या हातात पाकीट पडायचं आणि ती बहुतेक बाईच असायची. पोरांची फी, भिशी, माहेरचा आहेर, सगळं त्यातनं. मग ८ नोव्हेंबर २०१६ आलं. नोटा बंद झाल्या आणि आठवड्यातच जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. रोकड मिळेना. आम्ही बिलं थेट बँक खात्यात टाकायचं ठरवलं. याद्या मीच भरल्या. सभासदाचं नाव पुरुषाचं, म्हणून खातं पुरुषाचं. म्हशीचं शेणपाणी, वैरण, धार बघणाऱ्या बाईचं नाव घालावं, हे मला सुचलं नाही. दहाव्या दिवशी एक मावशी खिडकीवर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, माझं पाकीट?" मी म्हणालो, "खात्यावर जमा झालं." त्यांनी विचारलं, "कुणाच्या?"

खात्यामुळं हिशेब स्वच्छ झाला, उधारी कमी झाली, कर्ज मिळायला सोपं झालं, हे मी नाकारत नाही. पण त्याच बदलानं बाईच्या हातातलं पाकीट काढून घेतलं. पुढं घरोघरी फिरून आम्ही काही खाती बायकांच्या नावावर केली. ते काम अजून निम्मं बाकी आहे. म्हणून तुमच्या वहीत काम कोण करतं आणि नाव कुणाचं लागतं, हे दोन्ही समोरासमोर लिहा.

जे कुठल्याच रजिस्टरात नाहीत, त्यांच्याकडंही जा. हंगामात बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून मजुरांची एक जोडी, तिलाच 'एक कोयता' म्हणतात; मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, फडाजवळ खोपी. आपल्या गावाची भरभराट त्यांच्या अंगमेहनतीवर उभी आहे आणि आपल्या पीकपाणीत त्यांचं नाव नसतं. तिथं संध्याकाळी जा, सकाळी ते फडात असतात. पोरं कुठल्या शाळेत, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ कळतं.

शेवटी, लिहिलेलं आधी गावात वाचून दाखवा आणि मगच प्राध्यापकांना द्या. मी माझी पानं एका संध्याकाळी संस्थेच्या कट्ट्यावर वाचली. 'डेअरी आली आणि बाईच्या हातात पहिल्यांदा रोकड आली' असं मी लिहिलं होतं. त्याच मावशींनी मधेच थांबवलं. "पहिल्यांदा कसं? तुमची आई आणि मी डोक्यावरनं शेणी, गोवऱ्या, नेऊन कोल्हापुरात विकत होतो. डेअरी नंतरची." माझ्याच आईची गोष्ट, आणि मला ती ठाऊक नव्हती. घरी येऊन ते वाक्य खोडलं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्या सोप्यात बसलो आणि शेणीचा शेकडा काय भावानं जायचा, तिथून सुरुवात केली.