जावा अपडेट केल्यावर प्रोग्रॅम बंद पडतो: या चुका टाळा

अंबड-सातपूरच्या कारखान्यातला स्टोअरचा हिशोब असो की लासलगाव, पिंपळगावच्या आडतीवर शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशोबपट्टी, जावात लिहिलेले जुने प्रोग्रॅम अजून अनेक ठिकाणी इमाने इतबारे काम करतात. कोणीतरी सर्व्हरवर नवीन जावा टाकतो, किंवा प्रोग्रॅमर स्वतःच्या लॅपटॉपवर नवीन कंपायलर (लिहिलेला कोड चालवण्याजोग्या रूपात बदलणारा प्रोग्रॅम) घेतो, आणि काल चालणारी गोष्ट आज चालत नाही. मग पहिला संशय येतो तो कोडवर. कोडला हात लावण्याआधी कंपाइल कशावर झालं आणि चालतंय कशावर, हे दोन आकडे समोर मांडा.

सगळ्यात जास्त दिसणारी एरर म्हणजे ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’. त्यात ६१ किंवा ६५ असा आकडा असतो आणि तो पाहून माणूस गोंधळतो. हिशोब सोपा आहे: त्या आकड्यातून ४४ वजा करा. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. क्लास फाइल, म्हणजे कोड कंपाइल करून मिळणारी फाइल, नव्या कंपायलरने बनली आणि मशीनवरचा जावा जुना आहे, एवढाच त्याचा अर्थ. उलट दिशेने ही एरर येत नाही, कारण नवीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे क्लास फाइल चालवणारा जावाचा भाग, जुन्या क्लास फाइल वाचतं.

इथे होणारी चूक म्हणजे कमांड लाइनवर जावाचं व्हर्जन विचारायचं, १७ दिसलं की निश्चिंत व्हायचं. सर्व्हिस म्हणून, म्हणजे मागच्या मागे आपोआप चालणारा प्रोग्रॅम बऱ्याचदा वेगळ्याच फोल्डरमधला जावा उचलतो. एडिटरचा जावा वेगळा, प्रोग्रॅम बांधणाऱ्या मेव्हन या साधनाचा वेगळा, सर्व्हिसचा वेगळा, अशी स्थिती मला वारंवार दिसते. प्रोग्रॅम सुरू होतानाच स्वतःचं जावा व्हर्जन लॉगमध्ये लिहील अशी एक ओळ घाला. पुढचे कितीतरी फोन वाचतील.

आता ज्या चुकीबद्दल मला खरी तळमळ वाटते ती. सर्व्हरवर जावा ८ आहे म्हणून लोक नव्या कंपायलरला ‘सोर्स ८, टार्गेट ८’ सांगतात आणि काम झालं असं समजतात. ते पुरेसं नाही. टार्गेटमुळे क्लास फाइलवर ५२ चा शिक्का बसतो, पण कंपायलर कोड ताडून पाहतो तो स्वतःजवळच्या नव्या लायब्ररीशी, म्हणजे जावासोबत येणाऱ्या तयार कोडशी. बाइटबफर या जावाच्या तयार क्लासची ‘फ्लिप’ ही मेथड (नाव घेऊन करून घेता येणारं काम) घ्या. जावा ८ मध्ये ही मेथड ‘बफर’ या वरच्या क्लासची होती आणि ‘बफर’च परत द्यायची. जावा ९ मध्ये बाइटबफरला स्वतःची ‘फ्लिप’ मिळाली, ती ‘बाइटबफर’ परत देते. नव्या कंपायलरने क्लास फाइलमध्ये या नव्या मेथडचा पत्ता लिहिला, तर जावा ८ च्या मशीनला तो सापडत नाही आणि ‘नो सच मेथड’ एरर येते. तीही सुरुवातीला नाही, ती ओळ चालेल तेव्हा. म्हणजे टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं दिसतं आणि ऐन लिलावाच्या गर्दीत पट्टी छापताना प्रोग्रॅम कोसळतो. यावर उपाय जावा ९ पासून कंपायलरमध्येच आहे: ‘रिलीज’ हा पर्याय. ‘रिलीज ८’ सांगितलं की कंपायलर भाषा, क्लास फाइल आणि लायब्ररी, तिन्ही जावा ८ ची धरतो. सोर्स-टार्गेटची जोडी काढून टाका आणि मेव्हनमध्येही हाच पर्याय लावा.

व्हर्च्युअल मशीन पुढे गेल्यावर येणारे त्रास वेगळे असतात. जावा ११ मधून जॅक्सबी ही एक्सएमएल वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी बाहेर काढली गेली, त्यामुळे तिच्या आधारे एक्सएमएल वाचणारा जुना कोड ‘क्लास सापडत नाही’ म्हणतो. ती लायब्ररी वेगळी जोडावी लागते. जावा १७ ने आतल्या खासगी क्लासमध्ये डोकावणं बंद केलं, जुन्या लायब्रऱ्या तिथे अडतात. जावा सुरू करताना ‘ॲड ओपन्स’ हा पर्याय देऊन वेळ निभावता येते, पण ती लायब्ररी अपडेट करणंच बरं. स्टार्टअप स्क्रिप्टमधले जुने पर्यायही तपासा. सीएमएस हा कचरा-संकलक (नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) जावा १४ मध्ये काढला, त्याचा पर्याय स्क्रिप्टमध्ये राहिला तर जावा १७ सुरूच होत नाही.

मराठी मजकुराचा प्रश्न मात्र एररही देत नाही, म्हणून तो जास्त घातक. जावा १८ पासून मजकुराची एन्कोडिंग (अक्षरं कोणत्या आकड्यांत साठवायची ती पद्धत) वेगळं काही सांगितलं नाही तर सगळीकडे यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडची एक पद्धत, अशी झाली. त्याआधी विंडोजवर ती सिस्टिमच्या सेटिंगप्रमाणे असे. युनिकोड ही सगळ्या लिप्यांची प्रमाण पद्धत येण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या शेतकऱ्यांच्या, गावांच्या नावांच्या फाइल अजून शिल्लक आहेत. त्यांतली अक्षरं आठ-बिटी कोडमध्ये साठवलेली असतात. नवीन जावा त्या यूटीएफ-८ समजून वाचतो, न जुळणाऱ्या बाइटच्या जागी प्रश्नचिन्हासारखी खूण टाकतो, आणि प्रोग्रॅमने फाइल पुन्हा सेव्ह केली की मूळ नाव कायमचं गेलं. म्हणून फाइल वाचताना-लिहिताना एन्कोडिंग कोडमध्ये स्पष्ट लिहा. तोवर तात्पुरतं ‘फाइल एन्कोडिंग’ला ‘कॉम्पॅट’ ही किंमत दिली तर जुनं वागणं परत येतं.

असंच काहीसं वेळेचं. जावा २० पासून इंग्रजी वेळेच्या तयार फॉरमॅटमध्ये ‘एएम’च्या आधी साध्या स्पेसऐवजी वेगळी, अरुंद स्पेस येते. डोळ्यांना फरक कळत नाही, पण जुनी वेळ वाचताना कोड अडतो. फॉरमॅट स्वतः लिहून द्या.

अपडेट करण्याआधी जुन्या जार फाइलवर (क्लास फाइलच्या गाठोड्यावर) ‘जेडेप्स’ हे साधन चालवा, जावाच्या आतल्या खासगी क्लासचा वापर ते दाखवतं. जुना जेडीके (कंपायलरसकट जावाचा पूर्ण संच) लगेच पुसू नका. दोन जेडीके एका मशीनवर शेजारी-शेजारी राहू शकतात, आणि काही बिघडलं तर सर्व्हिसमधला फोल्डरचा पत्ता बदलून प्रोग्रॅम पुन्हा जुन्या जावावर चालू करता येतो. फक्त त्याआधी डेटा फाइलची वेगळी प्रत काढून ठेवा, कारण बिघडलेली नावं जुना जावा परत आणत नाही.