थायरॉइडची गोळी घेताय? या चुका टाळा

गोळी रोज घेते, तरी टीएसएच (थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारं हार्मोन) खाली येत नाही. अशी तक्रार असेल तर डोस वाढवून मागण्याआधी आपली सकाळ तपासा. उठल्याबरोबर चहाचं आधण आणि त्याच चहाच्या घोटाबरोबर गोळी, ही कोकणातल्या कितीतरी घरांतली रीत. थायरॉक्सिन, म्हणजे हीच थायरॉइडची गोळी, घ्यायचं ते रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास, जमलं तर तासभर, चहा नाही आणि पेजही नाही. पहाटेच मासळीच्या लिलावाला धावणाऱ्या बाईला हे कसं जमायचं? तिने रात्री, जेवण होऊन तीन तास उलटल्यावर घेतलं तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारावं. उपासाच्या दिवशीही गोळी चुकवू नका.

याहून मोठा घोळ लोहाच्या गोळीचा. थायरॉइड कमी काम करत असेल तर पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो, त्यातून हिमोग्लोबिन उतरतं आणि उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळतात. मग दोन्ही गोळ्या लक्षात राहाव्यात म्हणून एकत्रच घेतल्या जातात. लोह थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतं, ते रक्तात नीट उतरत नाही. थायरॉइड कमीच राहतो, पाळी तशीच अंगावर जाते. दोन्ही औषधं बरोबर, फक्त वेळ चुकलेली! मध्ये चार तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियमलाही हाच नियम. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता मासळीचं. ‘आम्ही रोज मासे खातो, आम्हाला कसला थायरॉइड?’ हे किनाऱ्यावर हमखास ऐकू येतं. समुद्री मासळीत आयोडीन असतं, हे खरंच. पण प्रौढ स्त्रियांमध्ये थायरॉइड मंदावण्याचं एक मोठं कारण हाशिमोटो, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथीवर केलेला हल्ला. तो बांगडे खाऊन थांबत नाही, आणि आयोडीनचा अतिरेक झाला तर उलट त्रासही होऊ शकतो. दुसरा गैरसमज मिठागरातल्या खड्या मिठाचा. ज्या शिरोड्यात 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला तिथल्या मिठाबद्दल आपुलकी वाटणारच, पण समुद्राचं म्हणून त्यात पुरेसं आयोडीन असेल असं नाही. खडं मीठ मासे खारवायला वापरा, रोजच्या जेवणात आयोडीनयुक्तच घ्या. कोबी-फ्लॉवरने थायरॉइड बिघडतो असंही म्हणतात, पण ते शिजवून, बेताने खाल्ले तर घाबरायचं कारण नाही.

डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत पुन्हा रक्त तपासणं म्हणजे पैसे वाया. टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर लॅबमध्ये सांगा. त्याने रिपोर्ट फसवा येऊ शकतो, म्हणून तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी मात्र आपणहून बंद करू नका. तो बहुधा गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

बाटली चुलीजवळच्या फळीवर नको. पावसाळ्यात तर झाकण घट्टच हवं, कारण दमट हवेत गोळ्या खराब होतात. आणि जावेचीही गोळी ‘तीच’ म्हणून तिच्या बाटलीतली उसनी घेऊ नये. 25 आणि 100 मायक्रोग्रॅममध्ये चौपट फरक आहे.

पाळी चुकली आणि दिवस राहिले असं कळलं, तर पहिल्या सोनोग्राफीची वाट पाहू नका. गोळी चालू ठेवूनच लगेच डॉक्टरांना गाठा, कारण गरोदरपणात डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो आणि बाळ सुरुवातीचे महिने आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं.

थकवा, वजन, चिडचिड असं सगळंच थायरॉइडच्या माथी मारण्याची सवयही वाईट. छातीत धडधड, हात थरथरणं, खाऊनही वजन उतरणं ही लक्षणं उलट थायरॉइड किंवा गोळी जास्त झाल्याची असू शकतात. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तरी थायरॉइडचा रिपोर्ट यायची वाट न बघता त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.