परसातल्या कोंबड्या: दाणापाणी आणि थंडीतली काळजी

सुरुवातीलाच पंचवीस पिल्लं आणू नका. चार-पाच तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणि एक कोंबडा पुरे. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, पण खुडूक बसून, म्हणजे अंडी उबवून, पिल्लं स्वतः काढते आणि वाढवते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेली ग्रामप्रिया जात अंडी कितीतरी जास्त देते, मात्र ती खुडूक क्वचितच बसते. घरच्या घरी पिल्लं हवी असतील तर दोन-तीन गावरान कोंबड्या हव्यातच.

आधी खुराडं

पक्षी आणण्याआधी खुराडं तयार ठेवा. रात्रीच्या मुक्कामाला एका कोंबडीमागे दीड चौरस फूट जागा धरा. जमिनीपासून दोन फूट उंच बांधलंत तर ओल वर चढत नाही. उत्तरेची बाजू पक्की बंद करा, जाळी दक्षिणेला किंवा पूर्वेला ठेवा. मुंगसाला लहानशी फटही पुरते, तेव्हा जाळी बारीक आणि दणकट घ्या. आत बसायला दोन इंच रुंदीची चपटी लाकडी पट्टी आडवी लावा. तीवर बसल्यावर कोंबडीची बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात आणि थंडीत गरम राहतात.

दाणापाणी

मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. परसात किडे, गवत, सांडलेलं धान्य मिळत असेल तर त्यातलं निम्मं ती स्वतः शोधते. उरलेल्यासाठी घरचं मिश्रण असं करा: निम्मा मक्याचा भरडा, पाव हिस्सा बाजरी किंवा तांदळाची कणी, आणि उरलेल्या पाव हिश्शात शेंगदाण्याची पेंड व थोडी बिनमिठाची सुकट. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती सरळ फेका. ‘कोंबड्यांना काय, चालतं’ म्हणून खराब पेंड घालणारे बरेच आहेत, आणि त्या बुरशीच्या विषाने कोंबड्यांची यकृतं निकामी होतात. कच्चं सोयाबीनही घालू नका, ते पचत नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंडी देणारी कोंबडी लागेल तेवढाच खाते.

फुकटातला सर्वांत पौष्टिक खुराक म्हणजे वाळवी. जुन्या मडक्यात ओलं शेण, गवत आणि गोणपाटाचा तुकडा भरा आणि संध्याकाळी वाळवी असलेल्या जागी ते पालथं घाला. सकाळी उचलून कोंबड्यांपुढे झटका. एवढंच की, घराच्या लाकडी खांबांपासून हे लांब करा!

थंडी

निफाडकडे किंवा विदर्भात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा लोक खुराडं चहूबाजूंनी प्लास्टिकने गच्च बांधतात. खरा घात तिथेच होतो. पिसं फुगवून बसलेली मोठी, सुदृढ कोंबडी एवढी थंडी सहज सोसते. तिला सोसत नाही ती ओल आणि अंगावर येणारा वारा. बंद खुराड्यात श्वासाची वाफ साचते, खाली अंथरलेलं तूस ओलं होतं, विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि मग सर्दी, डोळ्यांना पाणी, घरघर सुरू होते. म्हणून गोणपाटाचे पडदे संध्याकाळी सोडा, पण वरची वीतभर जागा उघडीच राहू द्या. ऊन आलं की पडदे वर. सकाळी खुराड्यात तोंड घालून पाहा: नाकाला झोंबलं तर हवा कमी पडते आहे.

खुराड्याच्या तळावर तीन-चार इंच कोरडं भाताचं तूस पसरा, एक-दोन दिवसांआड खालीवर करा आणि भिजलेला भाग काढून टाका. दाण्याचा मोठा वाटा संध्याकाळी द्या. रात्रभर पचणारा मका अंगात ऊब धरतो. सकाळी पाणी कोमट असावं. बंद खुराड्यात शेगडी मात्र कधीच ठेवू नका, कोळशाच्या धुराने सगळ्या एका रात्रीत मरतात.

हिवाळ्यात दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. बल्ब लावून उजेड वाढवता येतो, पण घरापुरत्या कोंबड्यांना तो खटाटोप कशाला? त्यांना विसावा घेऊ द्या.

पिल्लांची गोष्ट वेगळी. आई असेल तर ती पाहून घेते. नसेल तर पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश ऊब ठेवा आणि पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्या. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर बल्ब खाली आणा, दूर पळून चोच उघडी टाकत असतील तर वर घ्या.

लस

हळद-लसूण खुशाल द्या, पण मानमोडीपुढे (राणीखेत रोगापुढे) त्यांचा काही उपयोग नाही. पिल्लाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब आणि आठव्या आठवड्यात मानमोडीचीच आर-टू-बी लस, दोन्ही चुकवू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची लस असते आणि मिसळल्यावर ती बर्फात ठेवून दोनेक तासांत संपवावी लागते. त्यामुळे आळीतल्या सगळ्यांनी मिळून कुपी आणा आणि कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी, भल्या पहाटेच काम उरका.